जुनी फोर-बाय-फोर गाडी घेताना मॉडेलचे वर्ष कसे वाचावे

मराठवाड्यात फोर-बाय-फोर गाडीची गरज हौसेच्या आधी पाणंदीत कळते. भाद्रपदात दोन दिवस झड लागली की काळी माती चाकांना अशी धरते की मडगार्ड आणि टायर यांच्यामधली जागा भरून जाते आणि साधी मोटार तिथेच बसते. रानातल्या घरापर्यंत, बालाघाटाच्या उतारावरील एखाद्या वाडीपर्यंत किंवा कन्नडकडच्या डोंगरातल्या शेतापर्यंत बारमाही जायचे असेल तर चारही चाकांना ताकद देणारी गाडी लागते. नवी गाडी अनेकांच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे खरेदी जुन्या बाजारात होते, आणि तिथे विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'कितीचं मॉडेल आहे?'

प्रश्न योग्य आहे. उत्तर मात्र बहुतेक जण वयासारखे ऐकतात. २०१८ची गाडी २०१४च्या गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण, म्हणून चार वर्षांनी अधिक भरवशाची, असा हिशेब मनात होतो. मॉडेलच्या वर्षावरून खरे तर तीन वेगळ्या गोष्टी कळतात : गाडीत कोणत्या पिढीची यंत्रणा आहे, ती त्या पिढीच्या सुरुवातीची की स्थिरावल्यानंतरची, आणि तिच्यावर कोणत्या काळातले नियम लागू होते. या तीन गोष्टी वाचता आल्या की चार वर्षांनी जुनी असलेली गाडी अनेकदा अधिक शहाणी खरेदी ठरते. पहिल्यांदाच जुनी फोर-बाय-फोर घेणाऱ्यांसाठी हा क्रम मांडतो आहे.

पहिली पायरी : पासिंगचे वर्ष आणि बनावटीचे वर्ष वेगळे करा

आपल्याकडे 'मॉडेल' म्हणून जे वर्ष सांगितले जाते ते पुष्कळदा पासिंगचे, म्हणजे नोंदणीचे वर्ष असते. कारखान्यातून नोव्हेंबरात निघालेली गाडी शोरूमच्या आवारात उभी राहून पुढच्या गुढीपाडव्याला विकली जाते, आणि विकणारा पाडव्याचेच वर्ष सांगतो. त्यात तो खोटे बोलत असतो असे नाही, पण घेणाऱ्याला दोन्ही तारखा माहीत असल्या पाहिजेत. नोंदणी प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष स्वतंत्र छापलेले असते. 'वाहन' या सरकारी पोर्टलवरील नोंदीशी ते ताडून पाहावे.

त्यानंतर चासी क्रमांक पाहावा. तो सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्याची पहिली तीन स्थाने उत्पादक सांगतात : महिंद्रासाठी एम-ए-१, मारुती सुझुकीसाठी एम-ए-३, टाटा मोटर्ससाठी एम-ए-टी, फोर्स मोटर्ससाठी एम-सी-१. अनेक उत्पादकांच्या क्रमांकात दहावे अक्षर वर्षाचे असते. २०१०साठी ए, २०११साठी बी, असे पुढे जात २०१५साठी एफ, २०१८साठी जे, २०२०साठी एल आणि २०२३साठी पी येते. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून चासी क्रमांकात वापरतच नाहीत. हा क्रमांक कागदावर वाचून थांबू नये. चासीवर कोरलेला प्रत्यक्ष क्रमांक चिंधीने पुसून, विजेरीच्या उजेडात अक्षर न् अक्षर जुळवावा. कोरीव भागाभोवती ताजा रंग, घासल्याच्या खुणा किंवा वेल्डिंग दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा.

जुन्या जीपच्या बाबतीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. एमएम-५४० किंवा त्याआधीच्या जीपच्या कागदावर नव्याने बांधलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव अशा बांधणीसाठी देशभर ओळखले जाते. चकचकीत बॉडी, रुंद टायर, कागदावर १९९०च्या आसपासचे वर्ष आणि बॉनेटखाली भलतेच इंजिन, असे त्यांचे रूप असते. अशा गाडीला मॉडेलचे वर्ष हे मापच लागू पडत नाही, कारण तिच्यातला प्रत्येक भाग वेगळ्या वर्षाचा असतो. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत झालेली नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी गाडी अडकते. नवख्या माणसाने अशी गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी : गाडी आपल्या पिढीच्या कोणत्या वर्षातली आहे ते शोधा

प्रत्येक मॉडेलचे एक आयुष्य असते. पहिल्या वर्षात कारखान्यात न सापडलेले दोष रस्त्यावर सापडतात, पुढच्या दोन-तीन वर्षांत ते दुरुस्त होतात, मग काही वर्षे गाडी स्थिर राहते आणि शेवटी नवे नियम किंवा नवा अवतार येऊन ती बंद पडते. विश्वासार्हतेचा विचार करणाऱ्याने मधली वर्षे शोधावीत.

उदाहरण सर्वांच्या परिचयाचे घेऊ. दुसऱ्या पिढीची थार २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्ट तपासून बदलण्यासाठी कंपनीने २०२१च्या फेब्रुवारीत स्वतःहून परत बोलावल्या. स्कॉर्पिओ-एन २०२२च्या जूनमध्ये आली आणि १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ दरम्यानच्या काही हजार मॅन्युअल गाड्या क्लचच्या बेल हाउसिंगमधील रबरी भागासाठी परत बोलावण्यात आल्या. यावरून या गाड्या वाईट ठरत नाहीत. दोष उघड करून फुकट दुरुस्त करून देणे हे चांगलेच लक्षण आहे. घेणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते इतकेच, की पहिल्या काही महिन्यांतली गाडी समोर आली तर 'ते काम झाले का?' हा प्रश्न विचारायचाच, आणि तोंडी उत्तरावर न थांबता चासी क्रमांक देऊन अधिकृत सेवा केंद्रातून त्याची खात्री करून घ्यायची. हे काम राहिलेले असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही ते सामान्यतः विनामूल्य करून मिळते.

जुन्या थारचे आयुष्यही असेच वाचता येते. २०१०मध्ये ती आली तेव्हा एक जुन्या पद्धतीचे साधे डीआय डिझेल इंजिन आणि एक २,४९८ सीसीचे सीआरडीई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणारे, इंजिन असे पर्याय होते. २०१५च्या सुधारित अवतारात सीआरडीई थारला मागच्या डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेत, आपोआप लागणारे यांत्रिक लॉक मिळाले. एक चाक चिखलात हवेत फिरत राहिले तर दुसऱ्या चाकाकडे ताकद जाणे हीच काळ्या रानातली खरी गरज असल्यामुळे २०१४ आणि २०१६च्या सीआरडीई थारमधला फरक दोन वर्षांच्या वयापेक्षा मोठा आहे. २०१९च्या एप्रिलपासून सर्व मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, म्हणून जुन्या पिढीच्या अगदी शेवटच्या थारमध्ये तेही मिळते. ओल्या डांबरावर, विशेषतः ऑट्रम घाटासारख्या उतारावर, एबीएस असलेली आणि नसलेली गाडी यांत निवड करायची वेळ आली तर मी दहा वेळा एबीएसचीच बाजू घेईन.

जिप्सीची कथा आणखी लांब आहे. १९८५ साली ती ९७० सीसीच्या इंजिनासह आली, १९९६मध्ये १.३ लिटरची 'किंग' झाली, आणि २०००च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने फवारणारी यंत्रणा, आली. कार्ब्युरेटरची जिप्सी गावातला मिस्त्री उघडून दुरुस्त करू शकतो, हा तिचा गुण. एमपीएफआयची जिप्सी घाटात आणि थंडीत बिनतक्रार चालते, हा तिचा. तरुण खरेदीदाराने २००० नंतरची पाहावी. दोन्हींत पुढच्या-मागच्या कमानपाट्यांची यंत्रणा जवळपास तीच असल्यामुळे त्या भागांचे ज्ञान आणि सुटे भाग अजून मिळतात.

तिसरी पायरी : तीन तारखा पाठ ठेवा

१ एप्रिल २०१७, १ एप्रिल २०२० आणि १ एप्रिल २०२३ या त्या तारखा. बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी मानक, आकडा जितका मोठा तितके ते कडक. पहिल्या तारखेपासून देशभर बीएस-४, दुसरीपासून बीएस-६ आणि तिसरीपासून बीएस-६चा पुढचा टप्पा लागू झाला.

२९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ वाहनांची विक्री आणि नोंदणी १ एप्रिलपासून बंद केली आणि शेवटच्या दोन दिवसांत शोरूमपुढे रांगा लागल्या. त्यामुळे 'मार्च २०१७ पासिंग' असलेली गाडी बीएस-३ असण्याची शक्यता मोठी आहे. आणखी एक बारकावा आपल्या भागाला लागू पडतो. २०१०मध्ये बीएस-४ आधी ज्या तेरा शहरांत आले त्यांत पुणे, मुंबई यांच्याबरोबर सोलापूरही होते. म्हणून धाराशिवच्या शेजारच्या सोलापूरची, एमएच-१३ पासिंगची २०१२ची गाडी बीएस-४ आणि तीच, त्याच वर्षाची लातूरच्या एमएच-२४ किंवा धाराशिवच्या एमएच-२५ पासिंगची गाडी बीएस-३, असे होऊ शकते. मॉडेल एक, वर्ष एक, आणि तरी इंजिनाची जुळणी वेगळी.

याचा विश्वासार्हतेशी संबंध काय? बीएस-३ डिझेल इंजिने तुलनेने साधी होती आणि प्रति दशलक्ष ३५० भाग गंधक असलेल्या डिझेलवर चालायची. बीएस-६चे डिझेल १० भागांपर्यंत शुद्ध आहे आणि त्यावर चालणाऱ्या इंजिनाला धुरातली काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, जोडलेली असते. गाळणीत साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिनाला सलग, बऱ्यापैकी वेगाने धावावे लागते. ज्याची गाडी रोज गावातून चार किलोमीटरवरच्या शेतात जाते, तिथे बांधाला तासभर उभी राहते आणि परत येते, त्याची गाळणी कधीच पुरती साफ होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, ताकद कमी होते आणि ऑइलची पातळी वाढू लागते. २०२०नंतरची डिझेल गाडी घेताना म्हणूनच आधीच्या मालकाचा रोजचा मार्ग विचारावा. लातूर-पुणे नियमित जाणाऱ्याची लाख किलोमीटर चाललेली गाडी गावातल्या गावात वीस हजार फिरलेल्या गाडीपेक्षा निरोगी असू शकते. आपला स्वतःचाही वापर लहान फेऱ्यांचाच असेल तर बीएस-४ डिझेल किंवा पेट्रोल गाडीचा विचार करावा. गाळणी काढून टाकलेली गाडी 'सुधारलेली' म्हणून कोणी दाखवली तर ती घेऊ नये. ते बेकायदेशीर आहे आणि धूर शेवटी आपल्याच गावात राहतो.

पेट्रोल गाडीच्या बाबतीत तिसरी तारीख महत्त्वाची आहे. २०२३च्या एप्रिलनंतरच्या गाड्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या आहेत, आणि आता पंपावर सर्वत्र तेच पेट्रोल मिळते. आपल्या उसाचे इथेनॉल टाकीत येते याचे समाधान आहेच, पण जुन्या जिप्सीतल्या इंधनाच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे पडदे आणि पत्र्याची टाकी यांना ते मानवतेच असे नाही. अशा गाडीच्या नळ्या कडक झाल्या आहेत का, जोडांपाशी ओल किंवा वास आहे का, हे पाहावे आणि त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

चौथी पायरी : नाव तेच, गाडी वेगळी

हा सापळा नवख्यांसाठीच असतो. १९९८पासूनची सफारी आणि २०१२ची स्टॉर्म यांत फोर-बाय-फोर मिळत असे. २०२१ची नवी सफारी फक्त पुढच्या चाकांवर चालते. २०२३च्या जानेवारीत थारचा फक्त मागच्या चाकांवर चालणारा अवतार आला. २०२२च्या स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये फोर-बाय-फोर नाही, तर त्याआधीच्या स्कॉर्पिओच्या निवडक प्रकारांत होते. जून २०२३ची जिम्नी मात्र आपल्याकडे विकली गेलेली प्रत्येक फोर-बाय-फोरच आहे. त्यामुळे नाव आणि वर्ष यांच्यापाठोपाठ नेमका प्रकार विचारावा, आणि बिल्ल्यावर न जाता गिअरजवळचा दुसरा दांडा किंवा बटण आणि खाली पुढच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट डोळ्यांनी पाहावा.

पाचवी पायरी : ती वर्षे कुठे गेली?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंधनांमुळे तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांत खरोखर उत्तम गाड्याही असतात, पण ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रस्ता कर आणि नव्या नोंदणीचा खर्च मिळवल्याशिवाय किंमत ठरवू नये. कोकणातली गाडी असेल तर गंज आधी पाहावा. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सी नियमित निगा राखलेल्या असतात. मात्र कित्येक वर्षे उभ्या राहिल्यामुळे त्यांचे सील, ब्रेकच्या नळ्या आणि टायर वाळलेले असतात.

पुराचा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. २०२१च्या सप्टेंबरात मांजराकाठी आणि २०२५च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडे नद्यांनी जे रूप दाखवले, त्यात उभ्या गाड्या बुडाल्या. त्यांतल्या काही धुऊन, नवे सीट कव्हर घालून बाजारात येणारच. माझ्या नात्यातल्या एकाने भूमकडून अशीच एक देखणी गाडी घेतली. तीन महिन्यांत आधी खिडक्या, मग मीटर आणि शेवटी इंजिनाचे वायरिंग गेले. आम्ही डॅशबोर्ड उघडला तेव्हा आत नदीचा बारीक गाळ कोरडा होऊन बसलेला होता. तेव्हापासून मी कोणत्याही गाडीत सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याच्या मुळाशी पाण्याची रेघ आहे का ते पाहतो, पायाखालचा गालिचा उचलतो, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का ते पाहतो आणि दिव्यांच्या आत धुक्यासारखा थर आहे का ते तपासतो. त्या तारखेच्या आसपास विम्याचा मोठा दावा झाला होता का, हे विमा कंपनीकडून मालकामार्फत विचारून घ्यावे.

सहावी पायरी : गाडीखाली झोपा

कपडे खराब होतील, पण खरे वय खालीच दिसते. चासीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर लहान हातोडीने हलके ठोकत जावे. खणखणीत आवाज येतो तिथे लोखंड शाबूत आहे, भद्द आवाज येतो तिथे आतून गंज आहे. काळी माती ओलावा धरून ठेवते, म्हणून बॉडी आणि चासी यांच्यामध्ये, कमानपाट्यांच्या घरांत आणि मागच्या दरवाज्याच्या कडेला साचलेल्या मातीखालचा पत्रा खरवडून पाहावा. पाट्याला तडा आहे का, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवल्यावर खडखडतात का, दोन्ही डिफरन्शिअल आणि पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटणारा मधला ट्रान्सफर केस ऑइलने ओले आहेत का, हे पाहावे. जिप्सीत पुढच्या चाकांच्या मुळाशी असलेल्या गोल नकलमधून ग्रीस-ऑइलचे मिश्रण वाहत असेल तर सील आणि बेअरिंगचे काम निघणार हे धरून चालावे.

टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आहेत, गाडी २०१७ची आहे आणि टायरचा दुसरा संचही झिजला आहे, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. किलोमीटर हे या गाड्यांचे अपुरे माप आहे हेही ध्यानात घ्यावे, कारण लो गिअरमध्ये चिखल तुडवत घालवलेला तास मीटरवर दोन-चार किलोमीटरच दाखवतो, पण क्लच आणि इंजिनाला तो पुष्कळ मोठा असतो.

सातवी पायरी : चालवून पाहणे

इंजिन पूर्ण थंड असताना जावे, आणि मालकाला ते आधी सुरू करू नका असे सांगावे. सुरू होताच थोडा धूर आला तर घाबरू नये. गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर ऑइल जळते आहे, दाट काळा राहिला तर इंजेक्टर, पंप किंवा टर्बोकडे खर्च आहे. ऑइल भरायचे झाकण उघडून इंजिन चालू ठेवावे. वाफेचे फुत्कार जोरात येत असतील तर पिस्टन-रिंगांची झीज झाली आहे.

फोर-बाय-फोर कधीही कोरड्या डांबरावर तपासू नये, कारण या गाड्यांत पुढचा आणि मागचा आस एकत्र बांधला जातो आणि वळणावर सगळा ताण यंत्रणेवर येतो. कच्चा रस्ता किंवा नांगरट गाठावी. आधी फोर-हाय (चारही चाके, नेहमीचा वेग), मग गाडी पूर्ण थांबवून आणि गिअर न्यूट्रलला ठेवून फोर-लो (चारही चाके, कमी वेग आणि जास्त ओढ) लावावा. दांडा अडखळत असेल तर बहुधा कित्येक वर्षे तो लावलाच गेलेला नाही. लागून परत सुटत असेल तर ती झीज आहे आणि ते काम महागाचे असते. परत टू-हायला, म्हणजे दोनच चाकांवर, आल्यावर पुढची चाके मोकळी झाली का, हेही वळण घेऊन पाहावे.

आठवी पायरी : कागद आणि इसार

नोंदणीपासून पंधरा वर्षे झाली की खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही येतो. २०११ची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा इथे असते. कर्जाचा बोजा नोंदीत दिसत असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ आधी मागावा. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात, परजिल्ह्याच्या किंवा परराज्याच्या गाडीला नमुना २८ही लागू शकतो. एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी बसली आहे का ते पाहावे. मोठे टायर, उंच केलेली बॉडी, बदललेले हूड यांची नोंद प्रमाणपत्रात नसेल तर मूळ भाग सोबत मागून घ्यावेत. इसार देताना पावतीवर चासी क्रमांक, उत्पादनाचे वर्ष आणि 'पुरात न बुडालेली' हे शब्द लिहून सही घ्यावी. प्रामाणिक मालक त्याला हरकत घेत नाही.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअर, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअल यांचे ऑइल स्वतः समोर उभे राहून बदलून घ्यावे आणि निघालेले ऑइल वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत धरावे. रंग दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. बोटाला चमकी लागली तर ती थोडी आहे की कण हाताला जाणवतात, हे मिस्त्रीला दाखवून त्याच दिवशी ठरवावे, आणि ते होईपर्यंत गाडी पाणंदीत घालू नये.